तंजावर दोन तासांत उरकू नका: मोठं देऊळ, मराठी शिलालेख आणि पुढचा समुद्र

पायवाट | शनिवार, रात्री ९.४०

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आई-बाबा, आम्ही दोघं आणि आठवीतली लेक असे पाचजण तंजावर आणि तिथून पुढचा समुद्रकिनारा सात दिवस फिरून आलो. दक्षिणेच्या सहलींवर इथे बरंच लिहून आलंय, पण त्यात तंजावरच्या वाट्याला बहुतेक वेळा एकच ओळ येते. सकाळी त्रिची सोडलं, वाटेत बृहदीश्वर पाहिलं, रात्री रामेश्वर. सहलवाल्यांच्या कागदावर तर 'तंजावर, २ तास' असं छापलेलंच असतं. मराठी माणसाने तरी असं करू नये, एवढं सांगायला हा धागा काढलाय.

शाळेत आपल्याला कळतं ते इतकंच की शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजीराजे तिकडे गेले आणि तिथे त्यांचं राज्य झालं. पुढचं पान आपण उलटतच नाही. व्यंकोजींनी तंजावर घेतलं ते १६७० च्या दशकात. शेवटचे राजे वारले १८५५ मध्ये. म्हणजे साताऱ्याची गादी गेली त्यानंतरही काही वर्षं तंजावरला भोसल्यांचा दरबार होता. हे मला गेल्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं आणि त्याची खंत वाटते.

आधी देवळाबद्दल. तिथले लोक बृहदीश्वर म्हणत नाहीत, 'पेरिय कोविल' म्हणतात, म्हणजे मोठं देऊळ. रिक्षावाल्यालाही तेच सांगा. पहिल्या राजराज चोळाने ते १०१० मध्ये पूर्ण केलं. शिखर जवळजवळ ६६ मीटर उंच आणि सगळं काम ग्रॅनाइटचं. कावेरीच्या गाळाच्या सपाट भातशेतीत हा दगड मिळतच नाही, तो लांबून आणला. आम्ही सकाळी साडेसहाला आत गेलो. फरशी थंडगार होती आणि शिखराच्या वरच्या टप्प्यावर नुकतं ऊन आलेलं. पाऊण तासात ते ऊन खाली उतरत उतरत नंदीपर्यंत आलं, तोवर दगडाचा रंग तीनदा बदलला. बाबा नंदीसमोरच्या पायरीवर बसून नुसते बघत होते.

पण आम्ही गेलो होतो ते मागच्या भिंतीसाठी. देवळाला प्रदक्षिणा घालताना नैऋत्येच्या अंगाला आवाराच्या भिंतीवर एक शिलालेख आहे. देवनागरी लिपी, मराठी भाषा, साल १८०३. सरफोजीराजे दुसरे यांनी कोरून घेतलेला भोसले घराण्याचा इतिहास. आपल्याकडचे शिलालेख दहावीस ओळींचे असतात, तशी सवय झालेली असते. इथे मजकूर संपतच नाही. भिंतीमागून भिंत, दगडामागून दगड. जगातल्या सर्वांत मोठ्या शिलालेखांत याची गणना करतात.

आईला गुडघ्यांमुळे खाली वाकता येत नाही. ती उभी राहून डोळ्यांसमोरची ओळ वाचायला लागली. शब्द तोडून लिहिलेले नाहीत, सगळी अक्षरं सलग, त्यामुळे आधी नुसते आवाज ऐकू येतात आणि मग एकाएकी त्यातून 'राजे' असा शब्द सुटा होतो. लेकीने सुरुवातीला कंटाळून बघितलं, मग तिलाही एक शब्द सापडला, मग दुसरा. दोघी बोट भिंतीपासून चार अंगुळं लांब धरून पुढे सरकत होत्या. तासभर गेला. झाडणाऱ्या एक बाई थांबल्या, ऐकलं, आणि हसून 'मराठी?' म्हणाल्या. आईने मान हलवली. बाईंनी झाडू बाजूला ठेवून आईला दुसऱ्या टोकाला नेलं आणि लेख कुठे सुरू होतो ते बोटाने दाखवलं. घरापासून इतक्या लांब, आपली भाषा येत नसलेल्या माणसाने आपल्या भाषेचा लेख आपल्याला दाखवावा! आई अजून त्या बाईंची आठवण काढते.

राजवाडा देवळापासून जवळच आहे. मूळ बांधकाम नायकांचं, म्हणजे मराठ्यांच्या आधीच्या राजघराण्याचं, पुढे मराठ्यांनी वाढवलेलं. तिथल्या कलादालनातल्या चोळकालीन कांस्यमूर्ती हे एक स्वतंत्र कारण आहे तंजावरला जायचं. दरबार हॉलमधले रंगीत खांब आणि कमानी पाहिल्या. मग सरस्वती महाल, म्हणजे तिथलं जुनं ग्रंथालय. हस्तलिखितांचं जे भांडार आहे ते अभ्यासकांसाठी, आपल्याला संग्रहालयाची खोली बघता येते. ताडपत्रं, काशीच्या घाटांची चित्रं, आणि माणसाचा चेहरा व प्राण्याचा चेहरा शेजारी शेजारी काढलेली ती फ्रेंच चित्रकाराची चित्रं. सरफोजीराजांनी हे सगळं जमवलं. डोळ्यांच्या रोग्यांच्या नोंदी चित्रांसकट ठेवायचे ते. देवनागरी छापखाना काढला, त्यात इसापनीतीचं मराठी भाषांतर छापलं. हे १८०५ च्या आसपासचं. पुण्यात तेव्हा पेशवाई चालू होती.

शिवगंगा तळ्याजवळच्या चर्चमध्येही जा, फार कोणी जात नाही. सरफोजींना लहानपणी सांभाळलं, शिकवलं ते श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याने. तो १७९८ मध्ये वारला. राजांनी त्याच्या स्मरणार्थ लंडनच्या फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करून घेतलं. खाटेवर म्हातारा श्वार्ट्झ, आणि त्याचा हात हातात घेऊन उभा असलेला पगडीधारी तरुण राजा. गुरुजींचा हात धरलाय, इतकं साधं आहे ते.

दोन रात्रींनंतर कुंभकोणमला निघालो. वाटेत दारासुरम. रथाच्या आकाराचा मंडप, दगडी चाकं, घोडे. छोटं आणि शांत देऊळ आहे, आईला मोठ्या देवळापेक्षाही आवडलं.

आणि मग समुद्र. तरंगंबाडी.

इंग्रजांच्या कागदांत याचं ट्रँकेबार झालं. मूळ तमिळ नावाचा अर्थ लाटा गातात ते ठिकाण. १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकांनी हे गाव डेन्मार्कच्या लोकांना खंडाने दिलं. सोन्याच्या पत्र्यावर लिहिलेलं नायकांचं पत्र कोपनहेगनला अजून जपून ठेवलंय. नायक गेले, मराठे आले, तसा तो खंड भोसल्यांच्या दरबारात जमा व्हायला लागला. १८४५ मध्ये डेन्मार्कने गाव इंग्रजांना विकून टाकलं. म्हणजे सव्वादोनशे वर्षं तमिळ कोळ्यांच्या गावात डेन्मार्कचा झेंडा.

गावात शिरतानाच पांढरी वेस लागते, १७९२ ची, वर डेन्मार्कच्या राजाची मुद्रा. तिथून रस्ता सरळ समुद्रावर जातो. डावी-उजवीकडे दोन जुनी चर्च, काही ओसरीवाले बंगले, मग मोकळं मैदान आणि डॅन्सबोर्गचा किल्ला. आपल्या जलदुर्गांची सवय असलेल्याला तो आधी लहानच वाटतो. पण तळघरांच्या कमानींखाली उभं राहिलं की बाहेरच्या लाटेचा घुमारा छातीत लागतो. किनाऱ्यावर माशिलामणिनाथाचं चौदाव्या शतकाच्या सुरुवातीचं देऊळ आहे. त्याचा पुढचा भाग समुद्राने खाल्ला. आता दगडांचा बांध घातलाय.

संध्याकाळी आम्ही त्या बांधावर बसलो. बाबांनी सहज विचारलं, "तंजावरचे राजे इथे येऊन बसत असतील का गं?" मला उत्तर देता आलं नाही.

कोणी गेलं असेल तर भर घाला. पुढच्या वेळी आणखी काय पाहावं तेही सांगा.

तिखटमीठ | शनिवार, रात्री १०.१५

फार सुंदर लिहिलंयत. आम्ही २०१६ ला अगदी त्या 'दोन तास' गटातच होतो. दुपारी एकला पोचलो, गाभारा बंद, पाय भाजत होते, फोटो काढले आणि बसमध्ये बसलो. शिलालेखाचा पत्ताही नव्हता. आत्ता वाचताना पोटात तुटलं.

सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, त्यांना न्यायचं मनात आहे. चालणं किती पडतं? आणि जेवणाचं काय? त्यांना तिखट चालत नाही.

पायवाट | शनिवार, रात्री १०.५०

तिखटमीठ, नक्की न्या. मोठ्या देवळात चढण अशी नाहीच, सगळं सपाट. फक्त आवार प्रचंड आहे आणि अनवाणी चालावं लागतं. गाभारा दुपारी साडेबाराच्या सुमारास बंद होतो तो चारला उघडतो. त्यामुळे एकदा सकाळी सहा ते नऊ आणि एकदा संध्याकाळी पाचनंतर असं दोनदा जा. आईला मी जाड सुती मोजे घातले होते, त्याचा फार उपयोग झाला. राजवाड्यात घंटामनोऱ्याचे जिने त्यांना टाळायला सांगा.

जेवणाची काळजी नको. सकाळी पोंगल, इडली. दुपारी दहीभात कुठेही मिळतो. कुंभकोणमची पितळी डबऱ्यातली कॉफी त्यांना द्याच.

नोव्हेंबरात जाऊ नका. त्यांचा मोठा पाऊस तेव्हा असतो, ईशान्येकडून येणारा. पोंगलच्या आठवड्यातही गर्दी असते. त्यानंतरचा जानेवारी आणि फेब्रुवारी उत्तम.

एक सावधगिरी. आमच्या भाड्याच्या गाडीवाल्याने 'सरकारी दुकान' म्हणून तंजावर चित्रांच्या एका खाजगी दुकानात नेलं आणि तिथे दीड तास मोडला. आधीच स्पष्ट सांगा की खरेदी आम्ही आमची करू.

उभाआडवा | शनिवार, रात्री ११.०५

देवळाची एक गोष्ट राहिली की! शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. आणि वरचा कळसाखालचा घुमट एकाच ८० टनी दगडाचा आहे. त्या काळात हे कसं केलं असेल याचाच विचार करत राहावा.

मोडीमास्तर | रविवार, सकाळी ७.३०

उभाआडवा, सावली पडते. मी स्वतः संध्याकाळी पाच वाजता त्या सावलीत बसून डबा खाल्लाय. तो घुमटही एकसंध नाही, अनेक दगड जोडून केलेला आहे, असं त्याचा अभ्यास केलेले लोक सांगतात. राग मानू नका, पण या दोन गोष्टी ऐकवून वाटाडे पुढे निघतात आणि खरं आश्चर्य बाजूला राहतं. पायाच्या कट्ट्यापासून भिंतींवर जिथे बघाल तिथे राजराजाच्या काळचे तमिळ लेख आहेत. कोणी काय दान दिलं, दिव्याला तूप कोणी पुरवायचं, नर्तकी कुठल्या कुठल्या गावांहून आणल्या, त्यांना घरं कुठे दिली. हजार वर्षांपूर्वीचं अख्खं दप्तर दगडात आहे. सरफोजीराजांनी आपल्या घराण्याची बखर तिथेच कोरवली, त्यामागे हाच विचार दिसतो मला. ज्या भिंतीवर चोळांनी आपला हिशोब लिहिला, त्याच आवारात आपणही लिहावं.

पायवाट, तुमच्या आईंनी उभ्या उभ्या वाचलं याचं मला फार अप्रूप वाटलं. मोडी शिकवतो म्हणून सांगतो, तो लेख देवनागरीत असला तरी वळण जुनं आहे. 'ख' आणि 'रव', 'झ', 'ण' इथे नवा वाचक अडखळतो. जाण्याआधी घरी एखाद्या जुन्या पोथीची चार पानं वाचून गेलात तर नजर बसते.

सरस्वती महालाबद्दल थोडं. १९१८ पासून तो सार्वजनिक आहे. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितं तर आहेतच, शिवाय दरबारचे मोडी कागद आहेत, गठ्ठेच्या गठ्ठे. मुदपाकखान्याचा खर्च, हत्तीचा चारा, वैद्यांची बिदागी असले. मोडी वाचणारी तरुण मुलं तिकडे हवीत. माझ्या वर्गातल्या प्रत्येक तुकडीला मी हे सांगतो.

आणि नाटक! आपण मराठी नाटकाची सुरुवात १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांपासून धरतो. तंजावरच्या शहाजीराजांनी, म्हणजे व्यंकोजींच्या मुलाने, त्याच्या दीडशे वर्षं आधी मराठीत नाटकं लिहिली. ती याच ग्रंथालयात जपून राहिली.

उभाआडवा | रविवार, सकाळी ८.१०

मास्तर, राग कसला. वाटाड्याने सांगितलं ते मी खरं धरलं आणि आठ वर्षं सगळ्यांना सांगत आलो. दिव्याच्या तुपाचं वाचून आता पुन्हा जावंसं वाटतंय.

कावेरीकाठ | रविवार, सकाळी ११.२०

नमस्कार. मी इथे वाचते, लिहीत नाही. आज लिहायलाच हवं असं वाटलं.

मी चेन्नईत राहते, पण आमचं घराणं तंजावरचं. घरात मराठी बोलतो. शाळा तमिळमध्ये झाली, त्यामुळे लिहायला मी तिशीनंतर शिकले, चुका दिसतील त्या पोटात घाला. आमची मराठी तुम्हाला ऐकायला जुनी आणि तमिळच्या चालीची वाटेल. पहिल्यांदा पुण्यात आले तेव्हा रिक्षावाल्याने माझं बोलणं ऐकून हिंदीत उत्तर दिलं होतं. रडू आलं होतं तेव्हा. आता तसं होत नाही, कारण मला कळलंय की माझी आजी बोलायची ती भाषा कुठून आलीय.

आमच्याकडे पुरुषांच्या नावापुढे 'राव' असतं. त्यावरून तमिळ लोक ओळखतात. समर्थ संप्रदायाचे मठ तंजावरला होते, दासबोध आमच्या घरी वाचला जायचा. कीर्तनाची पद्धत मराठी कीर्तनकारांनी तिकडे नेली आणि तमिळ हरिकथेला तिचं वळण लागलं, हे तिथले संगीतातले लोक स्वतः आदराने सांगतात.

जेवणाचं विचारलंय म्हणून. आमच्याकडे डांगर पच्चडी करतात. उडदाचं पीठ, दही, वरून मोहरी-मिरचीची फोडणी. मी ती एकदा सोलापूरच्या मैत्रिणीला खाऊ घातली. ती घास तोंडात घेऊन गप्पच झाली आणि म्हणाली, हे तर आईचं डांगर. तीनशे वर्षं आणि हजार किलोमीटर, आणि फोडणी तीच. सांबाराची गोष्ट सगळ्यांनी ऐकली असेल, संभाजीराजे पाहुणे आले आणि त्यांच्या नावावरून सांबार. आमच्या घरीही सांगतात. ती आख्यायिका आहे, पण डांगराला पुरावा लागत नाही.

पायवाट, एक विनंती. तुम्ही 'झाडणाऱ्या बाई' लिहिलंत, त्यांची आठवण काढता हे वाचून बरं वाटलं. तिकडच्या लोकांना मराठा राजांबद्दल परकेपणा नाही. कोणी मराठी आलंय म्हटलं की मदत करतात. आपणही दोन तमिळ शब्द शिकून जावं. 'नन्रि' म्हणजे आभार. 'वणक्कम' तर येतंच सगळ्यांना.

तिखटमीठ | रविवार, दुपारी १२.०५

कावेरीकाठ ताई, डांगरावर डोळे भरून आले. माझ्या आजोळी उन्हाळ्यात रोज व्हायचं. आम्ही ताक घालतो, दही नाही. तुम्ही हिंग घालता का?

कावेरीकाठ | रविवार, दुपारी १२.३०

हो, फोडणीत हिंग, भरपूर. उडीद कोरडे भाजून, जात्यावर दळलेले. आजी म्हणायची भाजताना वास आला पाहिजे पण रंग येता कामा नये.

गडवाट | रविवार, दुपारी ३.४५

धागा वाचून राहवेना. तरंगंबाडीहून उत्तरेला पुदुच्चेरीकडे जाणारे बरेच असतील, तर त्या वाटेवरची आपली दोन ठिकाणं.

पहिलं कडलूर. पुदुच्चेरीच्या अलीकडे साधारण २५ किलोमीटरवर. तिथे देवनांपट्टिणमला गडिलम नदीच्या तोंडाशी एक छोटा किल्ला होता. छत्रपती राजाराम महाराज जिंजीला असताना, १६९० मध्ये, मराठ्यांनी तो ईस्ट इंडिया कंपनीला विकला. सौद्यातली अट अशी की किल्ल्यावरून तोफ डागायची, गोळा जिथवर जाईल तिथवरची जमीन कंपनीची. इंग्रजांनी लांब पल्ल्याची तोफ आणवली आणि चहूकडे गोळे टाकले. त्या टप्प्यात आलेल्या गावांना पुढे 'गुंडु ग्रामम', म्हणजे गोळ्याची गावं, म्हणायला लागले. तोच फोर्ट सेंट डेव्हिड. पुढे क्लाइव्ह तिथला गव्हर्नर होता आणि १७५८ मध्ये फ्रेंचांनी किल्ला पाडला. आज बघायला फार काही उरलेलं नाही. पण नदीच्या तोंडाशी उभं राहून मी बराच वेळ तो गोळा कुठवर गेला असेल ते नजरेने मोजत होतो. पैशाची निकड केवढी असेल त्या वेळी, जिंजीला मोगलांचा वेढा पडायच्या बेतात होता.

दुसरी जिंजी. पुदुच्चेरीहून सुमारे ७० किलोमीटर आत. जुलै २०२५ मध्ये आपल्या मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत आले. त्यातले ११ महाराष्ट्रातले आणि बारावा जिंजी. बाकीच्यांचं अभिनंदन सगळ्यांनी केलं, जिंजीला किती जण गेलो? शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये दक्षिणेच्या मोहिमेत हा किल्ला घेतला, तटबंदी पक्की केली. बारा वर्षांनी रायगड पडला तेव्हा राजाराम महाराजांना पाठ टेकायला तीच जागा कामी आली. मोगलांचा सरदार झुल्फिकारखान जवळजवळ आठ वर्षं वेढा घालून बसला होता. जानेवारी १६९८ मध्ये किल्ला गेला, पण महाराज त्याआधी निसटले होते.

तीन डोंगर आहेत, राजगिरी, कृष्णगिरी, चंद्रगिरी, आणि तिघांना बांधून घेणारा तट. आपला सह्याद्री कातळाचा पण अखंड. इथे हत्तीएवढ्या गोल धोंड्यांचे ढीग रचल्यासारखे डोंगर आहेत. राजगिरीला पायऱ्या आहेत, तरी चांगला दीड तास लागतो, आणि शेवटी कड्यातली फट ओलांडायला छोटा पूल. दुपारनंतर वर सोडत नाहीत, सकाळीच सुरुवात करा. पाणी प्रत्येकी तीन लिटर. मी दोन नेलं होतं आणि उतरताना जीभ टाळूला चिकटली.

ज्येष्ठांनी खाली कल्याण महाल, कोठारं आणि तळं पाहावं, तेवढ्यानेही जिंजी कळते.

सागरगोटा | रविवार, संध्याकाळी ६.२०

सगळ्यांचं लिखाण छान आहे, पण मी थोडं वेगळं मत मांडतो. तरंगंबाडीला आम्ही मुक्कामी राहिलो आणि मुलं दुसऱ्या दिवशी वैतागली. किल्ला तासाभरात होतो, जेवायला चार ठिकाणं नाहीत, समुद्रात पोहता येत नाही. सात दिवसांतले दोन तिथे घालवण्यापेक्षा पुदुच्चेरीला राहावं. तिथे फ्रेंच वस्ती आहे, पिवळ्या भिंतींचे रस्ते, समुद्रावर फिरायला मोकळा रस्ता, खाण्यापिण्याची चंगळ. अरिकामेडू जवळ आहे, तिथे १९४५ मध्ये व्हीलरने खोदकाम केलं आणि रोमन व्यापाराचे रांजण सापडले. मुलांना इतिहासही मिळतो आणि कंटाळाही येत नाही.

पायवाट | रविवार, रात्री ८.००

सागरगोटा, लहान मुलं असतील तर तुमचं बरोबर आहे. आमची लेक १४ वर्षांची आहे, तिला तिथली शांतताच आवडली. आम्ही एकच रात्र राहिलो आणि ती पुरेशी होती. पुदुच्चेरी मलाही आवडतं, पण ते सगळ्यांना माहीत आहे.

पुदुच्चेरीत शहराने आपला इतिहास रंगवून ठेवलाय, तो बघायला सोपा आहे. तरंगंबाडीत तो कोळ्यांच्या जाळ्यांच्या बाजूला तसाच पडलाय. तिथे १७०६ मध्ये झीगेनबाल्ग नावाचा तरुण जर्मन उतरला, किनाऱ्यावरच्या मुलांमध्ये बसून वाळूत बोटाने अक्षरं गिरवत तमिळ शिकला, छापखाना मागवला आणि १७१५ मध्ये बायबलचा नवा करार तमिळमध्ये छापला. त्याचं थडगं त्याने बांधलेल्या चर्चमध्येच आहे. तो छापखाना तंजावरपासून शंभर किलोमीटरवर. पुढे त्याच परंपरेतल्या श्वार्ट्झकडे सरफोजी शिकले आणि त्यांनी देवनागरी छापखाना काढला. दोन्ही ठिकाणं पाठोपाठ पाहिली म्हणून हा धागा मला दिसला, नाहीतर दोन वेगळ्या पाट्या वाचून आले असते.

एक सांगते. २००४ च्या त्सुनामीत या गावाची फार माणसं गेली. किल्ल्याजवळ चहा देणाऱ्या आजोबांनी आपल्या घराची जागा हाताने दाखवली, तिथे आता नुसती वाळू आहे. ते सांगत होते आणि लेक कप हातात धरून उभी होती, चहा गार झाला. तुमची मुलं मोठी झाली की पुन्हा न्या त्यांना.

सागरगोटा | रविवार, रात्री ८.२५

हे आजोबांचं आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आम्ही बहुतेक कोणाशी बोललोच नाही तिथे. नेईन पुन्हा.

दर्यासारंग७ | सोमवार, सकाळी ९.१५

मनोऱ्याचा उल्लेख कोणीच कसा केला नाही? तंजावरहून दक्षिणेला साधारण ६५ किलोमीटरवर, मल्लिपट्टिणमजवळ अगदी समुद्राला लागून सरफोजीराजांनी बांधलेला बुरूज आहे. षट्कोनी, मजल्यावर मजले निमुळते होत गेलेले, लांबून पॅगोडाच वाटतो. भोवती तट आणि खंदक. नावही 'मनोरा'च, आपल्या मिनाराचं. नेपोलियनवर इंग्रजांनी विजय मिळवला त्याची आठवण म्हणून १८१४-१५ मध्ये बांधला. त्याच्या कोरीव पाट्यांमध्ये मराठीतली पाटी आहे. ज्या गावात तो आहे त्याचं नाव सरभेंद्रराजपट्टिणम, राजांच्याच नावाचं.

मी गेलो तेव्हा आमच्याशिवाय कोणी नव्हतं. समोर उथळ, हिरवट पाणी, लाट नाहीच. वाटतं खाडीच आहे. एक बोट ओढणारे काका होते, त्यांना मी पाटी वाचून दाखवली आणि अर्थ मोडक्या इंग्रजीत सांगितला. त्यांनी विचारलं, "इंग्रज जिंकले याचा तुमच्या राजाला आनंद का झाला?" हा प्रश्न मला अजून सोडत नाही.

मोडीमास्तर | सोमवार, सकाळी १०.४०

दर्यासारंग, त्या काकांचा प्रश्न योग्य आहे. उत्तर सोपं नाही. १७९९ मध्ये सरफोजींना राज्यकारभार कंपनीच्या हाती द्यावा लागला. त्यांच्याकडे उरलं ते तंजावरचं शहर, किल्ला आणि तनखा. गादी त्यांना मिळाली तीही कंपनीच्या मदतीने. तलवार गेल्यावर त्या माणसाने आपलं सगळं बळ पुस्तकांत, औषधांत, शाळांत आणि संगीतात घातलं. मनोऱ्याकडे बघून काहींना वाईट वाटेल, मलाही वाटतं. पण सरस्वती महाल उभा राहिला तो त्याच हातांनी.

गडवाट | सोमवार, सकाळी ११.००

मास्तर, याच्याशी जोडून एक विचारतो. शिवाजी महाराज आणि व्यंकोजी भेटले ते नक्की कुठे? तंजावरात नाही ना?

मोडीमास्तर | सोमवार, सकाळी ११.३०

नाही. १६७७ च्या उन्हाळ्यात, तिरुमळवाडीला, कोळ्ळिडम नदीच्या उत्तर काठावर. महाराजांनी वडिलोपार्जित दौलतीतला वाटा मागितला, बोलणी जमली नाहीत आणि व्यंकोजी रातोरात नदी ओलांडून तंजावरला निघून आले. महाराज तंजावरवर चालून गेले नाहीत. पुढे त्यांनी भावाला लिहिलेली समजुतीची पत्रं आहेत. तंजावरहून उत्तरेला गंगैकोंडचोळपुरमकडे निघालात की कोळ्ळिडमवरचा लांब पूल लागतो. उन्हाळ्यात नुसती वाळू असते, पावसानंतर पलीकडचा काठ दिसत नाही. पुलावर गाडी हळू करायला सांगा.

तिखटमीठ | सोमवार, रात्री ९.०५

आज तिकिटं काढली. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा, सासूबाई, मी आणि नणंद. तंजावर तीन रात्री, कुंभकोणम एक, तरंगंबाडी एक. सासूबाईंना हा सगळा धागा वाचून दाखवला. त्यांनी कपाटातून जुनी शिवलीलामृताची पोथी काढलीय, अक्षरांना नजर बसावी म्हणून रोज दोन पानं वाचतायत.

कावेरीकाठ ताई, तुम्ही तेव्हा तंजावरला असाल का?

कावेरीकाठ | सोमवार, रात्री ९.४०

मावशीचं घर आहे तिथे, दोन दिवस येईन मी. देवळात सकाळी सहाला, नंदीपाशी. डांगर घेऊन येते, ताकाचं तुम्ही करा.